देवीच्या बोकडाचा लंगोट

परवा एक जण मोटारीतून आला. विरारला दोन दुकानं आहेत म्हणाला, आमच्या बाजूला थोडी जागा घेतली आहे, आता तिथे मटणासाठी शेळ्या पाळायच्या आहेत. चहा यायच्या आत त्याने मोबाइल काढून बोकडांचे फोटो दाखवायला सुरुवात केली. एकाचे कान गुडघ्यापर्यंत, एकाचं नाक पोपटासारखं, एक पांढराशुभ्र, एक ठिपक्यांचा. "ताई, यातली सगळ्यात चांगली जात कुठली?" मी विचारलं, "कुठल्या शेळीला लावणार?" त्याला प्रश्नच कळला नाही. शेळ्या अजून घ्यायच्याच होत्या, आधी बोकड घ्यायचा होता. मग मी त्याचे चारही बोकड एकेक करून नापास केले. तो हिरमुसून गेला. तो गेल्यावर सून म्हणाली, आई, लोक एवढ्या लांबून येतात, जरा गोड बोलावं. गोड बोलून शेळीची कंबर रुंद होत नाही. माझ्या बोलण्याला धार आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती ज्या वर्षी चढली तेच वर्ष लिहायला बसले आहे.

आमचं घर चांदीपचं. वडील मी नववीत असताना गेले. घरात राहिलो आम्ही तिघं, आई, मी आणि थोरले काका. काकू त्याआधीच वारली होती, त्यांना मूल नव्हतं. काकांनी मला खांद्यावर बसवून वाढवलं, शेळीची धार काढायलाही त्यांनीच शिकवलं, हे आधी सांगते, कारण पुढे मी त्यांच्याविरुद्ध बरंच काही लिहिणार आहे आणि ते वाईट माणूस होते असं कुणाला वाटायला नको. भाताची शेती त्यांच्या हातात होती. शेळ्या मात्र आईच्या. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला ती माहेराहून एक शेळी दाव्याला धरून चालत घेऊन आली होती, आणि तिच्याच लेकी-नातींचा पंचवीस-तीस शेळ्यांचा कळप झाला होता. असं असूनही बोकड कुठला ठेवायचा ते काका ठरवत. शेळ्या चारायच्या बायकांनी, लेंड्या लोटायच्या बायकांनी, आजारी करडू मांडीवर घेऊन बसायचं बायकांनी, आणि बोकडाचं बघायचं पुरुषांनी. ही वाटणी कुणी केली कोण जाणे. बोकडाबद्दल बाईमाणसाने तोंड उघडणं बरं दिसत नसे.

आमची सकाळ शेळ्यांच्या शिंकांनी उजाडायची. ज्यांनी शेळ्या पाळल्या नाहीत त्यांना वाटतं शेळी नुसती बें बें करते. शेळी शिंकते, खोकते, दात खाते, शेजारणीला शिंग मारते, आणि हे सगळं भिंतीपलीकडून ऐकू येतं. त्यात आईच्या तांदळाच्या भाकरीची थाप मिसळायची. न्याहारीला भाकरी आणि जवळा, उन्हाळ्यात त्यात कैरी, आणि शेळीच्या दुधाचा दाट चहा. त्या चहाला वास येतो असं लोक म्हणतात. मला अजूनही दुसऱ्या दुधाचा चहा पाणचट लागतो. चहा पिऊन मी दुधाची किटली घेऊन मनवेलपाड्याला जायची. तिथे तेव्हा चाळींच्या मधे मधे नव्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि तान्ह्या मुलांना पचतं म्हणून चार-पाच घरं आमचं दूध घेत. त्यातलं एक घर मान्यांचं. माने मुंबईत कारकून होते, मूळचे उस्मानाबादकडचे. रविवारी ते घरी असले की मला दारातच थांबवून आमच्या शेळ्यांची चौकशी करायचे, गावाकडच्या माणसाची विचारावी तशी.

दिवाळी झाल्यावर काकांनी राजाला आणलं. राजा म्हणजे जमनापारी बोकड. टेम्पोतून उतरला तेव्हा आमच्या गोठ्याच्या दाराला त्याची पाठ लागेल की काय असं वाटलं. पांढरा, उंच, नाक बाकदार, कान पानासारखे लोंबणारे. अख्खं गाव बघायला आलं. बोकडाचा कान वितीने मोजायची आमच्याकडे पद्धत होती. काकांनी सगळ्यांसमोर वीत लावली आणि म्हणाले, "दीड वीत. असा कान पंचक्रोशीत न्हाय." त्या काळात आजूबाजूच्यांच्या जमिनींना भाव येत होता. ज्यांचे तुकडे रस्त्याला लागून होते ते एकदम मोठे झाले होते, आणि आमचा तुकडा ओहोळापलीकडे, त्याला कुणी विचारत नव्हतं. काकांना गावात मान मिळवायला राजा मिळाला. आज मला ते समजतं. आणि खोटं कशाला बोलू, तेव्हा मीही मिरवले. रोज त्याला खरारा करायची, शिंगांना तेल लावायची. आमच्या शेळ्या त्याच्या पोटाखालून जातील एवढ्या लहान आहेत, हे मी रोज डोळ्यांनी बघत होते आणि त्याचा अर्थ लावत नव्हते.

चैत्रात शेळ्या विऊ लागल्या. मोठ्या शेळ्या कशाबशा सुटल्या. प्रत्येकीला एकेकच करडू, पण केवढं, आणि सगळं पायच पाय. मग चिमणीची पाळी आली. चिमणी ही पाठ होती, म्हणजे पहिल्यांदाच विणारी तरणी शेळी, आईच्या माहेरच्या शेळीची पणती. दुपारी बाराच्या सुमारास ती गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसली, आणि तीन वाजले तरी एका खुरापलीकडे काही दिसेना. आईचे हात भाताचे भारे बांधून बांधून रुंद झालेले, म्हणून तिने मला खोबरेल लावून हात घालायला सांगितलं. मला करडाचं डोकं लागलं. ते डोकं जिथून यायला हवं होतं ती वाट त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. मी ओढलं, सोडलं, वळवलं, पुन्हा ओढलं. चिमणी आधी ओरडत होती, मग ओरडायची थांबली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. ती तशीच गेली. करडूही गेलं. माझा हात कोपरापर्यंत भरला होता आणि तो धुवायला उठावं हेसुद्धा मला सुचत नव्हतं.

काका दारात उभे होते. म्हणाले, "नशीब."

मी म्हटलं, "नशीब न्हाय, काका. बोकड."

त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. आईने झटकन माझ्याकडे बघितलं. काका निघून गेले, आणि जाताना चप्पल घालायची विसरले.

त्यानंतरच्या आठवड्यात रफिकभाई आले. त्यांचं विरारला मटणाचं दुकान, आमचे बोकड तेच नेत. राजाची करडं त्यांना काकांनी मोठ्या हौसेने दाखवली. रफिकभाई कानाकडे बघतसुद्धा नसत. ते करडाच्या कमरेवर पंजा ठेवत, कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत, मग मांडी मुठीत धरत. डोळे मिटून करत हे सगळं. त्या दिवशी त्यांनी चार करडं चाचपली आणि उठले. काका आत गेल्यावर मला म्हणाले, "बेटी, हाइट आहे, माल नाही. बंगल्याला जिना मोठा, अंदर खोल्याच नाहीत. हा बोकड ईदला एक शौकीन माणूस नेईल, दोन वर्षं खिलवल्यावर. माझं गिऱ्हाईक मनवेलपाड्याचं. रविवारी येतं, अर्धा किलो नेतं, कोवळं मागतं. आठ-नऊ महिन्यांत जो भरतो तो माझा." मी विचारलं, मग कुठला बोकड लावू? ते हसले. "मी कापणारा माणूस. पैदा करणारी तू. तू सोच."

कुणी मला 'तू सोच' म्हणण्याची ती पहिली वेळ.

मी मान्यांच्या दारात गेले. त्यांना चिमणीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ताई, पहिलटकरणीला एवढा बोकड लावत्यात व्हय? आमची उस्मानाबादी बघा. काळी, मध्यम. करडाचं डोकं लहान, खांदा अरुंद, सुटतंय पटकन आन् मग भरतंय. आन् आमच्या शेळीला दोन ठरलेली, कवा तीन." मी म्हटलं, मग उस्मानाबादी शेळ्याच आणते. त्यावर त्यांनी हात जोडले. "तसलं काय करू नका. आमच्याकडं पाऊस पाहुण्यासारखा येतो, तुमच्याकडं घरजावई होऊन बसतो. चार महिन्यांत खुरं कुजतील. आई तुमचीच ठेवा, ती पावसातली हाय. बाप तेवढा आमचा घ्या." त्या एका वाक्यात सगळं शास्त्र होतं. पुढे मी पुस्तकं वाचली, शिबिरांना गेले, तक्ते बघितले, पण त्याच्यापलीकडचं फार काही मिळालं नाही. राजस्थानची सिरोही चांगली भरते असंही कुणी कुणी सांगत होतं, मी तिचीही माहिती काढली, पण ती कोरड्या वाळूतली आणि अंगाने थोराड. सहा पाठी माझ्या डोळ्यांसमोर होत्या. चिमणीच्याच वयाच्या, तिच्याच बांध्याच्या. वैशाखाच्या शेवटी त्या माजावर येणार होत्या. त्यांच्यापैकी एकीच्याही पोटात मला पुन्हा हात घालायचा नव्हता.

एक गोष्ट मान्यांनी आणखी सांगितली होती. जुळ्यांचा गुण बोकडाकडून लेकीत उतरतो, आणि ती लेक जेव्हा विते तेव्हा दिसतो. म्हणजे पहिल्या वर्षी मला दाखवायला काही नसणार. दोन वर्षं थांबायचं आणि तोवर लोकांचं ऐकून घ्यायचं.

मी काकांना म्हटलं, राजाला विकून टाका. त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी राजाला आंघोळ घातली, कपाळाला हळद-कुंकू लावलं, गळ्यात नवी घंटा बांधली आणि गावदेवीच्या देवळात नेऊन त्याला देवीला सोडलं. पौषातल्या जत्रेला बळीचा मान त्याचा. आता हे काय असतं ते सांगायला हवं. देवीला सोडलेला बोकड कुणाचाच नसतो. त्याला बांधायचं नाही, हाकलायचं नाही, तो कुणाच्या अंगणातलं भात खाईल तर खाऊ द्यायचं. आणि तो ज्या शेळीला लागेल ती शेळी भाग्याची मानायची. गावातल्या सगळ्या शेळ्या जत्रेपर्यंत त्या एकाच बोकडाच्या होतात, मग त्या केवढ्याही असोत. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललेलं. काकांनी एका दगडात माझं तोंड बंद केलं आणि गावातला सगळ्यात मोठा बोकड देणारा माणूसही झाले. घरी येऊन ते जेवायला बसले आणि आईला म्हणाले, "आता त्याच्याबद्दल कोनी काय बोलायचं न्हाय. देवीचा हाय तो." आईने त्यांना वालाचं बिरडं वाढलं. मी माझं ताट तसंच ठेवून उठले.

माने सुट्टीला गावी गेले आणि येताना तुरीच्या पोत्यांच्या ट्रकमधून माझ्यासाठी एक काळा बोकड घेऊन आले. दीड वर्षाचा असेल, राजाच्या निम्म्याने. कान जेमतेम वितीएवढे. पारावरच्या एकाने विचारलं, बोकड आणलास का मांजर? मी म्हटलं, उंदीर वाढलेत. काका तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आई बोलली, पण तिचं बोलणं न बोलण्यापेक्षा जड. "बाय, गावाशी वाकडं घेऊ नको. आपन दोन बाया."

काळ्याला मी गोठ्यात बांधलं. प्रश्न राजाचा होता. शेळ्या चरायला न्यायच्याच होत्या, आणि रानाच्या वाटेवर राजा उभा असायचाच, जकात घ्यायला बसल्यासारखा. माने म्हणाले होते की त्यांच्याकडचे धनगर नको तेव्हा मेंढ्याच्या पोटाला फडकं बांधतात. मग नुसता वर चढतो, पुढे काही होत नाही. बांधायचं नाही, हाकलायचं नाही, असं देवीच्या बोकडाबद्दल ठरलेलं होतं. लंगोट घालायचा नाही असं कुणी म्हटलेलं नव्हतं. मी युरियाची गोणी धुऊन घेतली, तिचे दोन पदर केले, दाभणाने शिवले आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या लावल्या. आईला म्हटलं, शिंगं धर, मी बांधते. ती म्हणाली, "मी हात लावनार न्हाय," आणि आत निघून गेली. मग मी विहिरीजवळ घमेल्यात कोंडा ठेवला, राजाने त्यात तोंड घातलं, आणि एकटीने जमेल तसं बांधून टाकलं. तो दोनदा उडाला. माझ्या नडगीवर त्याच्या खुराची खूण अजून आहे.

पहिल्या दिवशी गाव हसलं. राजा रुबाबात फिरत होता आणि खाली खताच्या गोणीवरची अक्षरं हलत होती. दुसऱ्या दिवशी हसणं कमी झालं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणालं की देवीच्या बोकडाला लंगोट नेसवायचा हक्क या पोरीला कुणी दिला, आणि तिथून ते पेटलं. पाऊस लांबला तर आमच्या घरावर खापर, कुणाचं मूल तापलं तर आमच्या घरावर. पाटलांनी रविवारी सकाळी देवळात गावकी बोलावली.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. त्या सहा पाठी कार्तिकात व्याल्या. एकीलाही हात लावावा लागला नाही. सकाळी गोठ्यात जावं तर करडू उभं राहून पीत असायचं. रफिकभाईंनी नवव्या महिन्यात त्या करडांच्या कमरेवर पंजा ठेवला आणि एकदम डोळे उघडले. काळा बोकड स्वतः मात्र आमच्या पावसात कधी रुळला नाही. अख्खा पावसाळा खोकायचा, खुरं चिघळायची, दुसऱ्या आषाढात गेला, आणि मी त्याच्यासाठी रडले. पण त्याच्या लेकींना आजी-पणजीची खुरं मिळाली होती. त्या चिखलात ठणठणीत उभ्या राहिल्या आणि दोन-दोन देऊ लागल्या. लोक मला म्हणतात, मग सगळा कळप शंभर टक्के उस्मानाबादी का नाही केलास? नाही केला. रक्त अर्ध्यावर ठेवायचं हे मी त्या आषाढात शिकले, आणि आजही आमच्याकडच्या आया गावठीच असतात. काकांनी काळ्याकडे शेवटपर्यंत नीट बघितलं नाही. त्याची करडं मात्र ते मांडीवर घेत. हे सगळं आधी सांगितलं, कारण त्या रविवारी देवळात उभी होते तेव्हा यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. मी बरोबर आहे याला पुरावा म्हणून माझ्याकडे एक मेलेली पाठ होती, बाकी काही नाही.

देवळाच्या मंडपात पुरुष बसलेले, बायका बाहेर पायरीशी. आई त्यांच्यात, डोक्यावरून पदर घेऊन. काका खांबाला टेकून, मान खाली. राजालाही आणलं होतं. तो देवीच्या पायाजवळचा झेंडूचा हार खात होता आणि त्याला कुणी अडवत नव्हतं. पाटलांनी मला पुढे बोलावलं.

"ह्यो लंगोट तू बांधलास?"

"मी बांधला."

"कोनाला विचारून?"

"राजाला आमच्या शेळ्यांवर सोडताना कोनी मना विचारलं व्हतं?"

मंडपात कुजबुज झाली. म्हातारे भगत होते, अंगात यायचं त्यांच्या. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, बोकड देवीचा, म्हंजे त्याचं रक्त पन देवीचं. ते तू अडवलंस."

मी म्हटलं, "रक्त देवीचं, म्हनून तर देवीसाठी राखून ठेवलं मी. गावभर सांडू दिलं न्हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भगतांनाही हसू आलं असावं, त्यांनी तोंडावरून हात फिरवला. पाटलांना ते आवडलं नाही. मग मी ठरवून आले होते ते बोलले. म्हटलं, या चैत्रात माझी चिमणी गेली. इथे आजवर देवीच्या बोकडापायी आणखी कुणाकुणाची पाठ पहिल्या वेताला गेली ते सांगा. पायरीवरून एक बाई म्हणाली, "माझी गेली." तिच्या नवऱ्याने मागे वळून बघितलं आणि ती गप्प झाली. दुसरी कुणी बोलली नाही. पण कितीजणींनी माना खाली घातल्या ते मी बघितलं, आणि त्या आजही मला नावानिशी आठवतात.

पाटील म्हणाले, "बास झालं. देवीच्या दारात वाद नको. तू बांधलास, तूच सोडायचास. नारल फोडायचा, चुकलं म्हनायचं, तो काला बोकड जिथून आला तिथे धाडायचा. न्हायतर तुमच्या शेल्या उद्यापासून गावच्या रानात न्हाय चरायच्या."

रान बंद म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. पंचवीस-तीस तोंडं, आणि ओहोळापलीकडे आमचा एक तुकडा. आईने माहेराहून आणलेलं जे काही होतं ते सगळं त्या एका वाक्यावर टांगलं गेलं. मी काकांकडे बघितलं. ते रागावलेले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी मान वर केली, डोळे भरलेले होते, आणि ते अगदी हळू म्हणाले, "सोड ग, मंजू. माज्यासाठी सोड."

मी राजाजवळ गेले. लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मी सोडणार होते. रान जाईल, आई उघड्यावर येईल, काका गावात मान वर करू शकणार नाहीत, आणि मी वीस वर्षांची पोर, एका खाटकाच्या आणि एका कारकुनाच्या बोलण्यावर विसंबून उभी. खाली वाकले. त्याच्या पाठीवरची ट्यूबची पट्टी चाचपली, गाठीत बोटं घातली. आणि बोटं तिथेच थांबली. ती गाठ माझी नव्हती. मी आपली साधी दुहेरी गाठ मारली होती, घाबरत, घाईत. ही तीन वेढ्यांची, टोक आत दडपलेली, भाताचा भारा बांधतात तसली होती. ती जितकी ओढावी तितकी आवळते. आमच्या घरात भारे एकच माणूस बांधायचं.

मी पायरीकडे बघितलं. आई उठली होती. बायका कधी मंडपात येत नसत. ती चपला बाहेर काढून आत आली, पुरुषांच्या मधून, कुणाच्याही अंगाला पदर लागू न देता, आणि राजाच्या पुढ्यात उभी राहिली.

"ती सोडनार न्हाय," ती पाटलांना म्हणाली. "सोडायची तर मी सोडीन. तिनं बांधली ती सैल व्हती, दुसऱ्याच दिवशी घसरली. मी आवलली. परवा पन घसरत व्हती. तवा पन मीच आवलली."

पाटील म्हणाले, "वयनी, तुम्ही?"

"शेल्या माज्या हायत," आई म्हणाली. "चिमनी माजी व्हती."

काका खांबापासून सुटे होऊन सरळ बसले. आईने देवीला हात जोडले, मग राजाची दोन्ही शिंगं धरली आणि माझ्याकडे वळली. "बघून घे," ती म्हणाली. "आधी तीन वेढे. मग टोक खालून." मी बोटांनी गाठ सोडली, पट्टी ओढून घेतली, आणि साऱ्या गावासमोर, देवीच्या दारात, आईने मला ती गाठ मारायला शिकवली.